पेशीतले स्टेरॉलवाहक

प्राण्यांतले कोलेस्टेरॉल, वनस्पतींतले सिटोस्टेरॉल आणि बुरशींतले एर्गोस्टेरॉल हे एकाच घडणीचे रेणू आहेत. तिघांतही एकमेकांना चिकटलेली चार कार्बनी कडी, एका टोकाला एकुलता हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या टोकाला कार्बन-हायड्रोजनची शेपटी असते. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन अणू असतात, एर्गोस्टेरॉलमध्ये २८ आणि सिटोस्टेरॉलमध्ये २९. पाण्याशी तिघांचेही वैर आहे. एक लिटर पाण्यात कोलेस्टेरॉलचे सुटे रेणू जेमतेम १० ते १५ मायक्रोग्रॅम राहू शकतात. त्यापुढे ते एकमेकांना चिकटून गोळा होतात. पेशीच्या आत मात्र पाणीच पाणी आहे आणि स्टेरॉल लागते ते पटलांमध्ये.

ही वाटणी कमालीची विषम असते. प्राणिपेशीत कोलेस्टेरॉल तयार होते आंतर्द्रव्यजालिकेत, पण तिच्या पटलातील मेदरेणूंमध्ये त्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो. पेशीला बाहेरून वेढणाऱ्या प्रद्रव्यपटलात तो ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे जिथे माल बनतो तिथे तो थोडा आणि जिथे पोचवायचा तिथे आधीच भरपूर आहे. पुटिकांमधून होणारी नेहमीची वाहतूक हे काम करत असेल असे बराच काळ गृहीत धरले गेले. पण औषधांनी किंवा उत्परिवर्तनाने पुटिकांचा मार्ग अडवला तरी नवे स्टेरॉल प्रद्रव्यपटलापर्यंत पोचतच राहते, हे आधी प्राणिपेशींत आणि नंतर यीस्टमध्ये दिसले. तेव्हापासून शोध सुरू झाला तो स्टेरॉलचा एकेक रेणू पोटात घेऊन पाण्यातून पार नेणाऱ्या प्रथिनांचा. अशा प्रथिनातील स्टेरॉल धरणारा, स्वतंत्रपणे घडी पडणारा भाग म्हणजे स्टेरॉलवाहक डोमेन.

या डोमेनांपैकी सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले कुळ स्टार्ट या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ अधिवृक्क ग्रंथीतल्या एका प्रथिनात आहे. अधिवृक्क, अंडाशय आणि वृषण यांतील पेशींना संप्रेरक बनवण्याचा इशारा मिळाला की काही मिनिटांत कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या आतील पटलावर पोचावे लागते, कारण त्यावर पहिली प्रक्रिया करणारे विकर तिथे बसलेले असते. हा पल्ला पार करून देणारे ‘स्टार’ प्रथिन १९९४मध्ये अमेरिकेत डग्लस स्टोको यांच्या प्रयोगशाळेत ओळखले गेले. पुढच्याच वर्षी त्याचा पुरावा माणसांतून मिळाला. ज्या बालकांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलने फुगतात, पण संप्रेरक बनत नाही. शरीरातले मीठ वाहून जाते आणि वेळेवर संप्रेरके दिली नाहीत तर मूल दगावते. कच्चा माल दाराशी पडून आहे आणि कारखाना बंद आहे, असा हा आजार आहे.

१९९९मध्ये ख्रिस पाँटिंग आणि एल. अरविंद यांनी जनुकक्रमांची तुलना करून दाखवले की स्टारमधला सुमारे २१० अमिनो आम्लांचा तुकडा इतर अनेक प्रथिनांतही आढळतो. स्टार्ट हे नाव त्याला तिथे मिळाले. माणसात अशी १५ प्रथिने आहेत. वर्षभरात त्यातल्या एमएलएन६४ या प्रथिनाच्या डोमेनाची त्रिमितीय रचना हाती आली. बीटा पट्ट्यांची वळवलेली चादर एका लांब सर्पिलाभोवती गुंडाळलेली आणि मधोमध एकच स्टेरॉल मावेल असा तेलकट बोगदा, असे तिचे स्वरूप आहे. बोगद्याच्या तोंडावर सर्पिलाचेच झाकण असते.

रचना कळली म्हणून काम कळले असे मात्र झाले नाही. १५ पैकी काहीच स्टार्ट प्रथिने कोलेस्टेरॉल वाहतात. त्याच घडीचे एक भावंड फॉस्फॅटिडिलकोलिन उचलते. सर्ट नावाचे दुसरे भावंड सेरामाइड आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडाकडे नेते. वनस्पतींत तर या डोमेनाची गर्दीच आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात ३५ स्टार्ट प्रथिने मोजली गेली आणि त्यांतली बरीचशी जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांना जोडलेली निघाली. तिथे हे डोमेन वाहतूक करते की मेदरेणू चिकटला आहे की नाही एवढेच ओळखते, यावर काम चालू आहे. स्वतः स्टार प्रथिनाबाबतही वाद मिटलेला नाही. ते तंतुकणिकेच्या बाह्य पटलावर असतानाच काम करते आणि आत ओढले गेले की थांबते, हे २००२मध्ये दिसले. एक स्टार रेणू मिनिटाला शेकडो कोलेस्टेरॉल रेणू पुढे सरकवतो असे अंदाज आहेत. एकच स्टेरॉल मावणाऱ्या बोगद्याने ये-जा करून एवढा वेग कसा साधतो, हा प्रश्न उरतोच. शिवाय मानवी वार हे प्रथिन न वापरताही प्रोजेस्टेरॉन बनवते.

आकारावरून मालाचा अंदाज किती चुकू शकतो, याचे सर्वांत देखणे उदाहरण रेशमाच्या किड्यात आहे आणि मराठवाड्याच्या दृष्टीने ते जवळचेही आहे. नांदेड, लातूर, बीड, जालना या जिल्ह्यांत तुतीची लागवड वाढत गेली. जालन्यात २०१८मध्ये कोष खरेदीची बाजारपेठ सुरू होईपर्यंत इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात. इथल्या शेडमध्ये वाढतात ती मुख्यतः दुबार संकरित वाणे, त्यांचे कोष पांढरे असतात. म्हैसूरकडच्या जुन्या वाणांचे आणि त्यांच्या संकरांचे कोष पिवळसर असतात. पिवळा रंग येतो तुतीच्या पानातल्या ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइडांमुळे. ते अळीच्या आतड्यातून रक्तात आणि रक्तातून रेशीमग्रंथीत न्यावे लागतात. ग्रंथीत ते उचलून घेणारे प्रथिन जपानी संशोधकांनी वेगळे केले तेव्हा ते स्टार्ट कुळातले निघाले. एका प्रथिनरेणूत ल्युटीनचा एक रेणू बसतो. ल्युटीन म्हणजे ४० कार्बनांची लांबट साखळी, स्टेरॉलशी तिचे दूरचेही साम्य नाही.

पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. या रंगवाहकाचे जनुक वेगळे नाहीच. एमएलएन६४चा कीटकांतला भाऊ असलेले बीएमस्टार्ट१ हे प्रथिन आणि कॅरोटिनॉइड धरणारे हे प्रथिन एकाच जनुकाच्या संदेशाची दोन वेगवेगळ्या जुळण्या आहेत. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की रेशीमपालकांना ‘पिवळे रक्त’ म्हणून माहीत असलेले अनुवंशिक लक्षण याच ठिकाणी ठरते. पांढऱ्या कोषाच्या वाणांत एका उड्या मारणाऱ्या जनुकाने केलेल्या उलथापालथीमुळे संदेशाचा एक तुकडा गळतो आणि रंगवाहक बनतच नाही. पांढऱ्या वाणात ते जनुक कृत्रिमरीत्या घातल्यावर कोष पिवळे झाले. जालन्याच्या बाजारात भाव सांगितला जातो त्या कोषाचा पांढरेपणा हा एका स्टार्ट डोमेनाच्या गैरहजेरीचा परिणाम आहे.

रेशीम अळीत या कुळाचे काम रंगापुरते नाही. कोणत्याच कीटकाला स्टेरॉल मुळातून तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. तुतीच्या पानातले सिटोस्टेरॉल अळीला पान चावायला प्रवृत्त करणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे, हे १९६०च्या सुमारास हामामुरा यांनी दाखवले. आतड्यात अळी त्याच्या शेपटीवरचे जादा कार्बन छाटून त्याचे कोलेस्टेरॉल करते. त्यातला थोडा भाग छातीतल्या पूर्ववक्षीय ग्रंथीत जातो आणि तिथे एक्डिसोन हे कात टाकायला लावणारे संप्रेरक बनते. अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेनंतर कोष विणते. यातली प्रत्येक पायरी या संप्रेरकावर चालते. बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४मध्ये ५०० किलो रेशीम कोषकांतून अवघे २५ मिलिग्रॅम एक्डिसोन वेगळे केले होते. आज मात्र म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘संपूर्णा’ हे वनस्पतिजन्य एक्डिसोनवर्गीय द्रव्य शेवटच्या दिवसांत पाल्यावर फवारले जाते, म्हणजे सगळ्या अळ्या एकाच वेळी कोषावर येतात. कीटकांच्या ग्रंथीत स्टार्ट१ प्रथिन भरपूर आढळते. मानवी अधिवृक्कात स्टार जे करतो तेच इथे ते करत असावे, हा सरळ तर्क आहे. पण ते कोलेस्टेरॉल उचलून तंतुकणिकेत ठेवते हे जितक्या स्पष्टपणे सस्तन प्राण्यांत दिसले तितके कीटकांत दिसलेले नाही.

यीस्टमध्ये स्टार्ट कुळच नाही असे बराच काळ वाटत होते. २०१५मध्ये टिम लेव्हिन यांच्या गटाने लॅम प्रथिने शोधली आणि हा समज गेला. त्यांतले डोमेन क्रमाने इतके वेगळे आहे की साध्या तुलनेत ते सापडत नाही, घडी मात्र स्टार्टसारखीच. लॅम प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात एका टोकाने रोवलेली असतात आणि ती उभी असतात नेमक्या त्या जागी जिथे जालिका व प्रद्रव्यपटल १० ते ३० नॅनोमीटर इतक्या जवळ येतात. अशा संपर्कस्थळांचा शोध हा या क्षेत्रातला खरा वळणबिंदू मानायला हवा. वाहकाला पेशीभर पोहत फिरायचे नसते. एका पटलात पाय रोवून समोरच्या पटलातून रेणू उचलायचा असतो. माणसातली अशी तीन प्रथिने २०१८मध्ये अ‍ॅस्टर या नावाने पुढे आली. प्रद्रव्यपटलात कोलेस्टेरॉल गरजेपेक्षा जास्त झाले की ती तिथे जाऊन चिकटतात आणि जादा माल जालिकेत परत आणतात. अ‍ॅस्टर-बी नसलेल्या उंदरांच्या अधिवृक्कात कोलेस्टेरॉलचा साठाच होत नाही.

लॅम प्रथिनांना वैद्यकीय बाजूही आहे. ती काढून टाकलेले यीस्ट अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाला जास्त सहज बळी पडते. २०२१च्या उन्हाळ्यात करोनानंतर म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा मराठवाड्यासह सगळ्या राज्यात या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावपळ झाली. हे औषध बुरशीच्या पटलातले एर्गोस्टेरॉल पकडते. लॅम नसताना हे एर्गोस्टेरॉल प्रद्रव्यपटलात वेगळ्या तऱ्हेने साचते आणि औषधाच्या तावडीत सापडते. यावरून नवे औषध करता येईल असे म्हणणे घाईचे ठरेल. म्युकरवर्गीय बुरशी यीस्टपासून बरीच दूरची आहे.

स्टेरॉल कमी असलेल्या जागेकडून जास्त असलेल्या जागेकडे कसे चढते, याचे उत्तर दुसऱ्याच एका कुळाने दिले. ऑक्सिस्टेरॉल धरणारे ओएसबीपी प्रथिन १९८०च्या दशकात ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. माणसात या कुळातली १२ प्रथिने आहेत आणि यीस्टमध्ये सात. २००५मध्ये यीस्टच्या ओश४ची रचना दिसली: पिंपासारखी पोकळी आणि वर झाकण. मग २०११मध्ये कळले की त्याच पोकळीत स्टेरॉलऐवजी पीआय४पी हा फॉस्फेटयुक्त मेदरेणूही बसतो, पण दोन्ही एकदम बसत नाहीत. २०१३मध्ये ब्रुनो अ‍ॅंटोनी यांच्या गटाने ओएसबीपीचे सगळे चक्र मांडले. वाहक जालिकेतून स्टेरॉल घेतो, गॉल्जीत सोडतो, तिथून पीआय४पी उचलतो आणि जालिकेत आणतो. जालिकेत सॅक१ हे विकर त्याचा फॉस्फेट लगेच तोडते. गॉल्जीत नवा पीआय४पी बनवण्यासाठी पेशी एटीपी खर्च करते. लातूरहून तूर घेऊन मुंबईला गेलेल्या ट्रकला परतीचा माल मिळाला तरच फेरी परवडते, तसाच हा हिशोब आहे. स्टेरॉलच्या चढणीचा खर्च परतीच्या मालाच्या उतारातून निघतो. फक्त परतीचा माल पोचताक्षणी नष्ट करावा लागतो, नाहीतर वाहतूक दोन्ही बाजूंनी तुंबेल. पेशीतली पटले वेगवेगळी राखण्याचे इतके नेमके स्पष्टीकरण दुसऱ्या कोणत्याही स्टेरॉलवाहकाबाबत अजून मिळालेले नाही. काही विषाणूही याच यंत्रणेवर डल्ला मारतात. पोलिओच्या वर्गातले विषाणू आणि हिपॅटायटिस-सी आपल्या वाढीच्या जागी ओएसबीपीकरवी कोलेस्टेरॉल ओढून घेतात.

अन्नातून किंवा रक्तातून पेशीत येणारे कोलेस्टेरॉल आधी लयकारिकेत उतरते. तिथून ते बाहेर काढणारी जोडी एनपीसी२ आणि एनपीसी१ ही आहे. एनपीसी२ हे लयकारिकेच्या द्रवात फिरणारे छोटे प्रथिन. ते स्टेरॉलची शेपटी आत आणि हायड्रॉक्सिल टोक बाहेर अशा रीतीने धरते. एनपीसी१ हे १,२७८ अमिनो आम्लांचे, पटलातून १३ वेळा आरपार गेलेले प्रथिन. त्याचे पुढचे डोमेन उलट, हायड्रॉक्सिल टोक आत घेते. त्यामुळे रेणू न वळवता सरळ एका खिशातून दुसऱ्यात सरकतो, पाण्याला स्पर्शही न होता. दोहोंपैकी एक बिघडले की नीमन-पिक सी हा आजार होतो. लयकारिकांत कोलेस्टेरॉल साठते, प्लीहा व यकृत वाढतात, मेंदूचा ऱ्हास होत जातो. सुमारे ९५ टक्के रुग्णांत दोष एनपीसी१मध्ये असतो, त्याचे जनुक १९९७मध्ये सापडले. एनपीसी१च्या पटलातल्या पाच सर्पिलांचा गट स्टेरॉल जोखणारे डोमेन म्हणून ओळखला जातो. तोच गट कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मुख्य विकरात आणि त्या विकराचे नियमन करणाऱ्या स्कॅपमध्येही आहे. वाहून नेणे आणि मोजणे ही दोन कामे पेशीने किती जवळ ठेवली आहेत, हे यातून दिसते.

नायट्यावर सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल या जोडीच्या गोष्टीत अनपेक्षितपणे येते. बुरशीचे एर्गोस्टेरॉल बनू न देणे हे त्याचे नेहमीचे काम. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत मात्र ते एनपीसी१मध्ये शिरून लयकारिकेतून कोलेस्टेरॉलची सुटका अडवते, आणि ओएसबीपीलाही चिकटते. एकाच औषधाने स्टेरॉलच्या तीन वाटा अडवाव्यात यात फारसे नवल नाही. तेलकट खिसे तेलकट रेणूंना सहसा नाही म्हणत नाहीत.

आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणारे एनपीसी१एल१ हे एनपीसी१चे जवळचे नातलग आणि इझेटिमाइब या औषधाचे लक्ष्य आहे. सोयाबीनच्या कच्च्या तेलात दर १०० ग्रॅममागे साधारण पाव ग्रॅमच्या पुढे वनस्पतिजन्य स्टेरॉल असतात. लातूर-नांदेडच्या ताटात हे तेल रोज येते, पण त्यातल्या स्टेरॉलचा ५ टक्क्यांहून कमी भाग रक्तात राहतो, कारण आतड्याच्या पेशी ते एबीसीजी५ आणि जी८ या पंपांनी लगेच बाहेर टाकतात. शेतातल्या अळीचे नेमके उलट आहे. तिच्यासाठी तेच स्टेरॉल जगण्याचा आधार आहे. फळमाशीत एनपीसी१चे एक रूप आतड्यात स्टेरॉल शोषते. दुसरे रूप नष्ट केले तर अळी पहिल्याच अवस्थेत मरते आणि एक्डिसोन दिल्यावर तिचा मृत्यू लांबतो.

एससीपी-२ हे १३ हजार डाल्टनच्या आसपासचे छोटे प्रथिन पूर्वी स्टेरॉलवाहक म्हणून फार गाजले. सस्तन प्राण्यांत आता त्याला मुख्यतः पेरॉक्सिसोममधल्या मेदाम्लांच्या चयापचयाशी जोडले जाते. कीटकांत त्याचे महत्त्व टिकून आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासातल्या एससीपी-२ची रचना २००३मध्ये मिळाली. तूर आणि हरभऱ्यावरच्या घाटे अळीत, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरात, याच जनुकाचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला.

स्टेरॉल बनवू न शकणारा आणखी एक गट जमिनीत आहे. फायटोफ्थोरा आणि पिथियम हे बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले जीव. मोसंबीवरचा डिंक्या पहिल्यामुळे होतो, नांदेड-हिंगोली पट्ट्यातल्या हळदीची कंदकूज दुसऱ्यामुळे. फायटोफ्थोरा एलिसिटिन नावाची सुमारे ९८ अमिनो आम्लांची प्रथिने बाहेर सोडतो. ती यजमान झाडाच्या पटलातले स्टेरॉल उचलतात. स्टेरॉलशिवाय फायटोफ्थोराची वाढ कशीबशी होते, बीजाणू मात्र नीट धरत नाहीत. काही झाडे या वाहकालाच शत्रूची खूण म्हणून ओळखतात आणि संरक्षण सुरू करतात. एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखणारी ट्रायझोल बुरशीनाशके डिंक्यावर किंवा कंदकुजीवर उपयोगी पडत नाहीत ती याच कारणाने, तिथे रोखायला निर्मितीच नसते. म्हणून या रोगांवर मेटॅलॅक्झिल, फोसेटिल आणि खोडाला बोर्डो पेस्ट हेच मार्ग सांगितले जातात.

एवढी कुळे सापडूनही पेशीतला स्टेरॉलचा प्रवाह नेमका कोण किती वाहतो, याचा ताळेबंद लागत नाही. यीस्टमधली सातही ओश प्रथिने एकदम काढली तर पेशी मरते, पण कोणतेही एक शिल्लक ठेवले की जगते. आणि सातही निकामी केल्यावरसुद्धा, पेशी मरेपर्यंत, प्रद्रव्यपटलातून जालिकेकडे स्टेरॉल येतच राहते. वाहकांचे काम एकमेकांवर इतके चढलेले आहे की एकाला काढून त्याची कामगिरी मोजता येत नाही. परीक्षानळीत रेणू हलवतो तो वाहक, ही कसोटीही अपुरी आहे, कारण पुरेसा तेलकट खिसा असलेले कोणतेही प्रथिन परीक्षानळीत थोडेफार स्टेरॉल हलवतेच.

कीडनियंत्रणात या वाहकांचा उपयोग करण्याची कल्पना वारंवार मांडली जाते. कीटकाचे स्टेरॉल अन्नातून येते, माणूस ते स्वतः बनवतो, तेव्हा वाहक अडवला तर कीटकच मरेल, असा त्यामागचा विचार आहे. एडिसच्या एससीपी-२ला अडवणारी रसायने प्रयोगशाळेत अळ्या मारतातही. परंतु घाटे अळी आणि रेशीम अळी या दोन्ही पतंगवर्गातल्या आहेत, त्यांचे वाहक एकमेकांच्या जवळचे आहेत, आणि शेजारच्या सोयाबीनवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर उतरली की अख्खी बॅच जाते हे रेशीम शेतकऱ्यांना आजच पुरेसे ठाऊक आहे. नेमक्या एकाच कीटकाचे जनुक बंद करणारी आरएनएआय पद्धत हा त्यावरचा मार्ग सुचवला जातो. पतंगवर्गीय अळ्यांत तिचा परिणाम भुंगेऱ्यांच्या मानाने कमी आणि अनियमित मिळतो, आणि स्टेरॉलवाहकावर बेतलेले एकही कीटकनाशक अजून बाजारात आलेले नाही.